आडव्या छेदावरचा उजेड

चित्रसंग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी भिंत उभी राहते. मोठी भिंत, तिच्यावर मोठी चौकट आणि चार पावले मागे सरकून पाहणारा रसिक. या पानांत ज्या चित्रांकडे वाचकांना बोलवायचे आहे, ती अशी लांबून पाहताच येत नाहीत. ती बहुधा पोस्टकार्डाएवढी असतात, फार तर वहीच्या पानाएवढी. त्यांच्यासाठी पुढे झुकावे लागते, दिवा जवळ ओढावा लागतो आणि जमल्यास कागद हातात घ्यावा लागतो. सगळा संग्रह टेबलाच्या एका खणात मावतो. लाकडाच्या आडव्या छेदावर कोरून छापलेल्या या चित्रांना वुड एन्ग्रेव्हिंग म्हणतात. त्यांच्या मर्यादित आवृत्त्या जमवण्याचा नाद मला लागला, त्याला बरीच वर्षे झाली. या नादाने मला सावकाश पाहायला शिकवले, आणि ते शिकण्यासाठी फार पैसा लागत नाही हेही दाखवून दिले. त्या अनुभवाच्या बळावरच वाचकांना या प्रांतात बोलावण्याचे धाडस करतो आहे.

मराठी वाचकाला हा प्रांत वाटतो तितका परका नाही. आपल्याकडचे जुने दिवाळी अंक ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ‘ब्लॉक’ हा शब्द ठाऊक असतो. जस्ताच्या पत्र्यावर उतरवलेले चित्र लाकडी ठोकळ्यावर ठोकून, अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला आणून, मजकुराबरोबरच ट्रेडल मशीनवर छापत असत. तो जस्ताचा ब्लॉक येण्याआधी जगभरच्या छापखान्यांत त्याच जागी लाकडाचा कोरलेला ठोकळा बसत होता. खिळ्यांशेजारी बसून, त्यांच्याच शाईने आणि त्यांच्याच दाबाने चित्र उमटवणारा ठोकळा म्हणजे वुड एन्ग्रेव्हिंगचे मूळ रूप. चित्र आणि अक्षर यांचा हा शेजार वाचकांनी सुरुवातीलाच लक्षात ठेवावा, कारण संग्रहाचे पुढचे बरेचसे प्रश्न त्यातूनच सुटतात.

आता लाकडाविषयी. झाडाचे खोड उभे चिरले की फळी मिळते आणि फळीवर लाकडाच्या रेषा लांबच लांब धावताना दिसतात. या फळीवर सुरीने कोरतात तो वुडकट. तिथे रेषेच्या दिशेने सुरी सहज जाते, रेषा ओलांडताना मात्र लाकूड विरोध करते आणि कधी ढलपी निघते. वुडकटचा रांगडा जोम त्या झटापटीतूनच येतो. तेच खोड आडवे कापले की तंतूंची टोके वर येतात आणि पृष्ठभागाला कोणतीच दिशा उरत नाही. बॉक्सवुडसारखे अतिशय सावकाश वाढणारे, घट्ट लाकूड असेल तर घासून गुळगुळीत केलेला तो छेद हस्तिदंतासारखा लागतो. त्यावर सुरी चालत नाही. धातूवर नक्षी कोरणाऱ्यांकडे असते तसे ब्युरिन नावाचे टोकदार अवजार लागते आणि ते कुठल्याही दिशेला सारख्याच सहजतेने फिरते. कोरणारा ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवतो आणि वळणदार रेषा काढताना हात जवळपास स्थिर ठेवून ठोकळाच फिरवतो. बॉक्सवुडच्या खोडाचा घेर लहान असल्याने मोठा ठोकळा हवा असेल तर अनेक तुकडे एकमेकांना चिकटवावे लागतात. चित्र लहान असण्यामागे आवडीइतकाच झाडाच्या वाढीचाही हात आहे.

यातली खरी गंमत शाई लावल्यावर कळते. अख्ख्या ठोकळ्यावरून शाईचा रूळ फिरवून तो न कोरताच छापला, तर कागदावर निव्वळ काळा चौकोन उमटेल. कोरलेली प्रत्येक रेषा त्या काळ्यात पांढरी होऊन येते. पेन्सिलीने काढणारा चित्रकार सावली घालत जातो. वुड एन्ग्रेव्हिंग करणारा काळोखात उजेड घालत जातो. घातलेला उजेड परत काढून घेण्याची सोय जवळपास नसते. चूक झालीच तर ठोकळ्याला भोक पाडून लाकडाची गुडदी ठोकावी लागते आणि ती जागा पुन्हा सपाट करून नव्याने कोरावी लागते. वाचकांनी पहिल्यांदा एखादे वुड एन्ग्रेव्हिंग पाहताना एवढेच करावे: चित्र कशाचे आहे हे क्षणभर बाजूला ठेवून, यात उजेड कुठून कुठे गेला आहे तेवढे शोधावे. पुष्कळ चित्रे त्या एका प्रश्नानेच उलगडू लागतात.

या पद्धतीला कलेचा मान मिळवून दिला तो थॉमस ब्यूइक या इंग्रज कारागिराने. त्याचा जन्म १७५३ मध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या चेरीबर्न या शेतावर झाला. चौदाव्या वर्षी तो न्यूकॅसलच्या राल्फ बेल्बी या धातुकोरकाकडे उमेदवारीला लागला. धातूचे अवजार त्याने लाकडाच्या आडव्या छेदावर चालवले आणि पांढऱ्या रेषेत बोलायला सुरुवात केली. चतुष्पाद प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक १७९० मध्ये आले. ब्रिटनमधल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे दोन खंड १७९७ आणि १८०४ मध्ये निघाले. त्यातले पक्षी सुंदर आहेतच, पण माझे मन अधिक रमते ते प्रकरणांच्या शेवटी उरलेल्या जागेत त्याने कोरलेल्या इवल्या चित्रांत. पावसात भिजत चाललेला वाटसरू, ओढा ओलांडणारा म्हातारा, बर्फातली गुरे, अशी खेड्यातली साधी दृश्ये त्याने अंगठ्याएवढ्या जागेत बसवली आहेत. अंगठ्यावरून आठवले. १८१८ च्या इसापनीतीच्या आवृत्तीसोबत ग्राहकाला द्यायच्या पावतीवर ब्यूइकने स्वतःच्या अंगठ्याचा ठसा छापला होता. मर्यादित आवृत्तीवर कलाकाराने सही करण्याची आजची रीत पाहिली की मला तो अंगठा आठवतो.

ब्यूइकनंतर ही कला कारखान्यात गेली. १८४२ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक सुरू झाले आणि ताज्या बातमीचे चित्र आठवड्याच्या आत हवे झाले. मोठ्या ठोकळ्याचे तुकडे सुटे करून अनेक कारागिरांमध्ये वाटत, सगळे एकाच वेळी कोरत आणि मग तुकडे जोडून छापत. चित्रकार एक आणि कोरणारे दुसरेच, ही पद्धत रूढ झाली. गुस्ताव्ह डोरेचे १८६६ चे बायबल प्रसिद्ध आहे. त्यातली चित्रे डोरेची, पण ठोकळे कुशल कारागिरांनी कोरलेले. ‘ॲलिस इन वंडरलँड’साठी १८६५ मध्ये जॉन टेनिएलने काढलेली चित्रेही डॅलझिएल बंधूंच्या कारखान्यात कोरली गेली. ठोकळे झिजू नयेत म्हणून पुस्तक छापताना त्यांच्यावरून केलेल्या धातूच्या प्रती वापरल्या आणि मूळ लाकूड जपून ठेवले. १९८५ मध्ये ते ठोकळे लंडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत सापडले. त्यांच्यावरून १९८८ मध्ये जोनाथन स्टीव्हन्सन यांनी रॉकेट प्रेसमध्ये २५० संच छापले. सव्वाशे वर्षे लहानथोरांच्या डोळ्यांत बसलेली चित्रे थेट लाकडावरून कशी दिसतात, ते तेव्हा लोकांना पाहता आले.

छायाचित्रावरून जस्ताचा ब्लॉक करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली आणि कारखाने ओस पडले. धंदा गेला, पण त्यामुळेच माध्यम मोकळे झाले. ज्याने चित्र कल्पिले त्यानेच ते कोरावे, असे मानणारे कलावंत १९२० मध्ये लंडनला एकत्र आले आणि त्यांनी ‘सोसायटी ऑफ वुड एन्ग्रेव्हर्स’ स्थापन केली. रॉबर्ट गिबिंग्ज, एरिक गिल, नोएल रूक ही त्यातली काही नावे. ग्वेन रॅव्हेराटही त्यांच्यात होत्या, चार्ल्स डार्विनची नात. ही संस्था आजही चालू आहे आणि तिची प्रदर्शने भरतात. आज ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून आपण जे विकत घेतो ते या वळणाचे फळ आहे: एकाच माणसाने कल्पिलेले, कोरलेले आणि सही केलेले चित्र.

हा सगळा प्रांत एकदम पायाखाली घालता येत नाही. नवख्या वाचकांनी एका हयात कलावंताचा हात धरून आत शिरावे, असे मी सुचवेन. ज्याचे काम पुष्कळ आहे, सहज पाहायला मिळते आणि ज्यात या माध्यमाचे सगळे प्रश्न एकत्र भेटतात, असा कलावंत निवडावा. माझी निवड बॅरी मोझर ही आहे. तुमची वेगळी ठरू शकते. ॲन डेस्मेट या इंग्रज कलावतीची वास्तुचित्रे मनात भरली तर त्या वाटेने जा; रस्ते पुढे एकमेकांना मिळतातच.

मोझर यांचा जन्म १९४० चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील चॅटानूगा गावचा. तरुणपणी ते मेथॉडिस्ट पंथाचे परवानाधारक प्रवचनकार होते. १९६७ मध्ये ते मासॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात गेले आणि शाळेत शिकवू लागले. तिथे त्यांना लेनर्ड बास्किन हा थोर मुद्राचित्रकार आणि बास्किनच्या गेहेना प्रेसचा यंत्रचालक हॅरल्ड मॅकग्रा भेटले. पुढे मोझर यांनी पेनिरॉयल प्रेस हा स्वतःचा छापखाना उभारला आणि मॅकग्रा यांनी त्यांचे ठोकळे वर्षानुवर्षे छापले. वाचकांनी मॅकग्रा यांचे नाव नजरेआड करू नये. दाट काळ्याच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेष असेल, तर शाई जरा जास्त झाली की ती बुजते आणि जरा कमी झाली की काळा फिका पडतो. चांगल्या छापणाऱ्याचे काम त्या दोन चुकांमधल्या अरुंद पट्टीवर चालते आणि वुड एन्ग्रेव्हिंगच्या आवृत्तीचे निम्मे श्रेय मी त्याला देईन.

मोझर यांचे नाव सर्वदूर झाले ते ‘मोबी डिक’मुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेसचे अँड्र्यू हॉयम यांनी १९७९ मध्ये मेलव्हिलच्या या कादंबरीची २६५ प्रतींची आवृत्ती काढली. मोझर यांनी तिच्यासाठी शंभर ठोकळे कोरले. मजकुराचे खिळे हाताने जुळवले होते, कागद हातकागद होता, त्याला समुद्राची छटा यावी म्हणून किंचित निळसरपणा दिला होता आणि उजेडात धरल्यावर त्यात देवमाशाचे जलचिन्ह दिसत होते. प्रत तेव्हा एक हजार डॉलरला विकली गेली. पण मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो एक निर्णय: कथेतल्या कोणत्याही पात्राचे किंवा प्रसंगाचे चित्र काढायचे नाही. त्यामुळे या पुस्तकात कप्तान एहॅबचा चेहरा नाही. आहेत ती जहाजे, बंदरे, भाले, दोर, होड्या, देवमाशांच्या जाती आणि चरबी काढण्याची साधने. पात्रे वाचकाच्या मनात राहतात आणि त्यांच्या भोवतालचे जग मात्र त्याला दाखवले जाते. शब्दांच्या शेजारी बसताना चित्राने किती बोलावे, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे क्वचितच मिळाला.

‘ॲलिस’ त्यांनी पेनिरॉयल प्रेसतर्फे १९८२ मध्ये केली आणि तिला १९८३ चा अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला. टेनिएलनंतर ॲलिस काढणे म्हणजे भरल्या मैफलीनंतर गायला बसण्यासारखे होते. मोझर यांनी जागाच बदलली. आपण ॲलिसकडे पाहत नाही. स्वप्नात शिरल्यावर ॲलिसच्या डोळ्यांनी इतरांकडे पाहतो. म्हणून ते प्राणी आणि ती माणसे अंगावर येतात. पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘हकलबेरी फिन’ आणि ‘विझर्ड ऑफ ओझ’ ही पुस्तके झाली. ‘ओझ’मधल्या दुष्ट चेटकिणीला त्यांनी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांचा चेहरा दिला. लाकडाच्या ठोकळ्यातून राजकीय टीका करण्याची परंपरा जुनी आहे, पण मुलांच्या पुस्तकात ती करणे धैर्याचे होते.

आणि मग १९९९ चे पेनिरॉयल कॅक्स्टन बायबल. संपूर्ण बायबलसाठी सव्वादोनशेहून अधिक चित्रे एकट्या माणसाने स्वतःच्या हाताने कोरली. डोरेशी तुलना केली तर कामाचा आवाका ध्यानात येतो, कारण डोरेच्या मागे कारागिरांचा ताफा होता. मुख्य आवृत्ती ४०० प्रतींची होती. हयात माणसांना समोर ठेवून मोझर यांनी संदेष्टे, राजे आणि भिकारी कोरले, त्यामुळे ते चेहरे चर्चच्या काचेवरचे वाटत नाहीत, रस्त्यावर भेटल्यासारखे वाटतात. एकेकाळच्या प्रवचनकाराने धर्मग्रंथाकडे परत येताना काळ्या रंगाची जी मात्रा वापरली आहे ती फार दाट आहे. काही पानांवर उजेड जेमतेम एका गालाला आणि एका हाताला मिळतो. ही चित्रे घाईने चाळू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका बैठकीत चार पुरेत.

याच बायबलपाशी संग्राहकाला पडणारा एक प्रश्न उभा राहतो. इतक्या मोठ्या संख्येने चांगले बॉक्सवुडचे ठोकळे मिळणे दुरापास्त झाले होते, म्हणून मोझर यांनी रेझिनग्रेव्ह हे कृत्रिम राळेचे पृष्ठ वापरले. मग याला वुड एन्ग्रेव्हिंग म्हणायचे की नाही? काही संग्राहक ठाम नाही म्हणतात. माझे मत असे, की अवजार तेच, हात तोच, पांढऱ्या रेषेची रीत तीच आणि छपाईही तशीच. तेव्हा या चित्रांना संग्रहात निःशंक जागा द्यावी. मात्र नोंदीत ‘राळेवर कोरलेले’ असे स्पष्ट लिहावे. नोंद खरी असली की वाद वाढत नाही.

आता आकड्यांविषयी, कारण नवखा संग्राहक सर्वांत आधी तिथे अडखळतो. चित्राखाली डाव्या बाजूला पेन्सिलीने १२/७५ असे लिहिलेले दिसते. याचा अर्थ एकूण ७५ प्रती छापल्या आणि ही बारावी. मधे बहुधा चित्राचे नाव असते आणि उजवीकडे सही. काही प्रतींवर आकड्याऐवजी ‘ए/पी’ असते. त्या कलाकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती. बाजारात पुष्कळ जण पहिल्या आकड्याच्या मागे लागतात; पाचवी प्रत साठाव्या प्रतीपेक्षा सरस असणार असे धरून चालतात. तांब्याच्या पत्र्यावर सुईने खरवडलेल्या ड्रायपॉइंटच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण तो पत्रा दहावीस छापांतच झिजू लागतो. आडव्या छेदाच्या बॉक्सवुडची गोष्ट वेगळी. वर्तमानपत्रासाठी कोरलेल्या आपल्या एका ठोकळ्यावरून नऊ लाखांहून जास्त छाप निघाल्याचे ब्यूइकने आठवणींत नोंदवले आहे. अशा लाकडावरून काढलेल्या ७५ प्रतींत पहिली आणि शेवटची यांत झिजेचा फरक शोधायला जाऊ नये. शिवाय आकडा घालण्याचा क्रम आणि छापण्याचा क्रम एकच असतो असेही नाही.

मग मर्यादा कशासाठी? लाकूड थकते म्हणून ती मर्यादा नसते. ती कलाकाराने दिलेल्या शब्दाची मर्यादा असते. इतक्याच प्रती काढीन, त्यापुढे हा ठोकळा छापणार नाही, असे तो ग्राहकाला सांगतो, आणि कित्येक जण आवृत्ती पुरी झाली की ठोकळ्यावर आडवी रेघ कोरून तो रद्द करतात. लाखो प्रती देऊ शकणाऱ्या वस्तूपाशी माणसाने स्वतःहून थांबायचे ठरवले, यातली नीती मला फार आवडते. कधी मात्र लाकूडच निर्णय करते. ब्यूइकने १७८९ मध्ये चिलिंगहॅमच्या रानटी बैलाचा मोठा ठोकळा कोरला होता. मोजक्या प्रती काढून झाल्यावर तो उन्हात राहिला आणि तडकला. तड जाण्याआधीची प्रत आज संग्राहकांच्या दृष्टीने मोठा ठेवा आहे.

मोझर यांच्यासारख्या कलावंताचे एकच चित्र तीन रूपांत भेटते, आणि वाचकांनी हे तीन भेद पक्के करून घ्यावेत. पहिले, मर्यादित आवृत्तीच्या पुस्तकातले पान, जे ठोकळ्यावरून किंवा त्यापासून केलेल्या पृष्ठावरून दाबून छापलेले असते. दुसरे, त्याच ठोकळ्याची सुटी, सही केलेली प्रत. तिसरे, सर्वसामान्य वाचकांसाठीची स्वस्त आवृत्ती, जिच्यात चित्राचे छायाचित्रावरून पुनर्मुद्रण असते. एरियन प्रेसचे ‘मोबी डिक’ असे १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने आणले. या तिसऱ्या रूपाला कमी लेखू नका. माझा स्वतःचा प्रवेश तिथूनच झाला. रचना, उजेड आणि शब्दांशी असलेले नाते हे सगळे त्यात शिकता येते. हरवतो तो फक्त शाईचा देह.

शाईचा देह म्हणजे काय, ते ओळखायला एक साधे भिंग पुरते. दसपट मोठे दाखवणारे, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसे. काळ्या भागावर भिंग धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण आहे. ठोकळ्यावरून छापलेल्या चित्रात काळा सलग दिसतो आणि दाबाने शाई किंचित बाहेर सरकल्यामुळे रेषेच्या कडेला ती अधिक गडद झालेली आढळते. मग कागद उलटा करून दिवा एका बाजूने, अगदी खालून धरा. मऊ कागद असेल तर पाठीवर चित्राचा हलका उठाव जाणवेल. पातळ जपानी कागदावर चमच्याच्या पाठीने घासून काढलेली प्रत असेल तर मागे त्या घासण्याच्या चकाकत्या खुणाही सापडतील. विक्रेत्याचे प्रमाणपत्र जरूर घ्यावे, पण त्याआधी कागदाला त्याची साक्ष विचारावी.

आपल्या हवामानाचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. न्यूकॅसलच्या किंवा मासॅच्युसेट्सच्या संग्राहकाला कोकणातला जुलै ठाऊक नसतो. दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके पडतात, बुरशी धरते, आणि कसरीला तर कागद आणि खळ दोन्ही प्रिय. चित्रे आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात ठेवावीत. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी प्रत्येक घडी उघडून पाहावी. ऊन मात्र दाखवू नये. चौकट करायची झाली तर चित्र काचेला टेकणार नाही असा माउंट हवा, आणि चित्राला धरून ठेवायला जपानी कागदाच्या पट्ट्या व गव्हाची खळ, म्हणजे कधीही पाण्याने सोडवता येईल असे बंधन. मी घेतलेले पहिले चित्र एका फ्रेमवाल्याने हार्डबोर्डवर सरसकट डिंकाने चिकटवून दिले होते. काही सांगायचे असते हे मलाच तेव्हा माहीत नव्हते. ते चित्र आजही माझ्याकडे आहे, तसेच चिकटलेले, दरवर्षी थोडे अधिक पिवळे होत जाणारे. तुमच्या पहिल्या चित्राचे असे होऊ नये म्हणून हे लिहिले.

विकत घेण्याआधी पुष्कळ पाहून घ्यावे. परदेशी असलेल्या मराठी वाचकांना तर ही संधी हाताशी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुद्राचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून गेले की मागितलेली चित्रे टेबलावर आणून देतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही दुर्मीळ पुस्तकांचे असे दालन असते. मोझर यांनी ज्या स्मिथ कॉलेजात शिकवले, त्याच्या नॉर्थॅम्प्टन येथील कलासंग्रहालयात मुद्राचित्रे पाहण्याची स्वतंत्र सोय आहे. अशा ठिकाणी आपण तज्ज्ञ नाही म्हणून संकोचू नये. स्वच्छ हात, पेन्सिल आणि थोडी उत्सुकता एवढी तयारी पुरते.

भारतात राहणाऱ्यांनी हरेन दास हे नाव शोधावे. १९२१ मध्ये दिनाजपूरला जन्मलेले, कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे दास १९९३ मध्ये गेले. बंगालची खेडी, होड्या, भात कांडणाऱ्या बाया, नदीकाठची संध्याकाळ हे त्यांनी वुड एन्ग्रेव्हिंगमध्ये इतक्या मायेने कोरले आहे, की ब्यूइकच्या वाटसरूचे हे भाऊबंदच वाटावेत. आपल्या देशात या माध्यमाला एवढा निष्ठावान उपासक लाभला, याचा मला अभिमान आहे. मोझर यांच्या दाट काळोखातून दास यांच्या चित्राकडे आले की तेच अवजार दुपारचे ऊनही कोरू शकते हे दिसते. दोघांचे एकेक चित्र शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

सुरुवात कशी करावी, असे पुष्कळ जण विचारतात. ‘मोबी डिक’ची ती स्वस्त आवृत्ती मिळवा, ग्रंथालयातून चालेल. कादंबरी वाचलेली नसली तरी चालेल. रात्री, घरातले इतर दिवे मालवून, टेबलावरचा एकच दिवा लावा. पुस्तक उघडून देवमाशाचे कुठलेही एक चित्र निवडा आणि भिंग घ्या. पाणी कुठे आहे ते पाहा आणि ते पाणी करण्यासाठी कोरणाऱ्याने किती प्रकारच्या रेषा वापरल्या ते मोजू लागा. मोजताना बोट चुकले तर पुन्हा डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा.